भुतांची शिकवणी

भुताची गोष्ट सांगता येत नाही असा मराठी माणूस शोधून सापडायचा नाही. कोकणातल्या कुठल्याही घरी पावसाळ्यात वीज गेली, की पहिल्या दहा मिनिटांत कुणाच्या तरी मामाला पाणंदीत चकवा लागतो, अर्ध्या तासात विहिरीवरची हडळ येते, आणि तेवढ्यात वीज आली नाही तर जेवणं होईपर्यंत खवीस, मुंजा, देवचार, गिऱ्हा असा सगळा कर्मचारीवर्ग हजेरी लावून जातो. मामा गोष्ट बेताबेताने रंगवतो, मध्येच तपकीर ओढतो, ‘मग पुढे?’ असं कुणीतरी विचारीपर्यंत गप्प बसतो. त्या रात्री परसाकडे एकटं जायची कुणाची छाती होत नाही. पण याच मामाला ती गोष्ट दिवाळी अंकासाठी लिहून द्या म्हटलं, की तो पहिलंच वाक्य लिहितो, ‘ती अमावास्येची काळीकुट्ट, भयाण, भेसूर रात्र होती’, आणि भूत तिथेच मरतं. दुसऱ्यांदा.

सांगणं आणि लिहिणं यांच्यामधल्या या खड्ड्यावर पूल बांधून देणारे गुरू जगात पुष्कळ आहेत. काहींनी त्यावर पुस्तकं लिहिली, काहींनी मुलाखती दिल्या, काही जण इंटरनेटवर फी घेऊन रीतसर वर्ग घेतात. होतकरू भयकथाकार त्यांच्याकडे जातो तो पोतडी भरून सामान घेऊन: एक घुबड, दोन वटवाघळं, पडका वाडा, करकरणारं दार, पांढरी साडी आणि ‘अचानक’ हा शब्द डझनावारी. गुरू एकेक वस्तू काढून बाजूला ठेवायला लागतात तेव्हा त्याचा चेहरा बघण्यासारखा होतो.

त्याआधीचा धक्का म्हणजे खुद्द गुरूचं दर्शन. गुरू काळ्या कफनीत, कवटीत दिवा लावून बसलेला असेल अशी शिष्याची समजूत असते. प्रत्यक्षात निघतो शाळामास्तर, बँकेतला नोकरदार, नाहीतर रेडिओच्या दुकानाचा मालक.

शाळामास्तर म्हणजे स्टीफन किंग. अमेरिकेच्या मेन राज्यात पोरांना इंग्रजी शिकवून, ट्रेलरच्या घरात, कपडे धुवायच्या खोलीत मांडीवर टाइपरायटर घेऊन तो लिहायचा. ‘कॅरी’ची पहिली पानं त्याला टाकाऊ वाटली म्हणून त्याने कचऱ्याच्या टोपलीत फेकली. त्याची बायको टॅबिथा हिने ती बाहेर काढली, सिगारेटची राख झटकून वाचली आणि पुढे काय होतं ते मला कळलं पाहिजे, असं बजावलं. कादंबरी १९७४ साली आली. तिच्या पेपरबॅकचे हक्क चार लाख डॉलरला विकले गेल्याची बातमी रविवारी फोनवर कळली, त्यातला निम्मा वाटा किंगचा. बायकोला काहीतरी भारी भेट द्यावी म्हणून गडी बाहेर पडला, तर रविवारमुळे दुकानं बंद. उघड्या असलेल्या एका औषधाच्या दुकानातून त्याने तिच्यासाठी केस वाळवायचं यंत्र आणलं. विसाव्या शतकातल्या सगळ्यात यशस्वी भयकथाकाराच्या भाग्योदयाचा क्षण हा असा आहे.

या किंगने २००० साली ‘ऑन रायटिंग’ हे पुस्तक लिहिलं. मंत्रतंत्र मिळेल या आशेने ते उघडणाऱ्याच्या हाती येतो हजेरीपट. रोज ठरल्या वेळी बसा, दार लावून घ्या, ठरलेले शब्द झाल्याशिवाय उठू नका. क्रियाविशेषणांवर तर त्याचा असा राग आहे, की व्याकरणाच्या मास्तरांना वाईट वाटावं. नाताळ, स्वातंत्र्यदिन आणि वाढदिवस सोडून रोज लिहितो असं आपण मुलाखतींत सांगायचो, ते खोटं होतं, अशी कबुलीही त्यात आहे. आपण त्या दिवशीही लिहितो. पण अगदीच यंत्र वाटू नये म्हणून ती थाप! थापा मारायच्या धंद्यातल्या माणसाने मारलेली ही सगळ्यात निरुपद्रवी थाप असावी.

त्याच्याच आधीच्या एका पुस्तकात, १९८१च्या ‘डान्स मकाब्र’मध्ये, भीतीच्या तीन पायऱ्या सांगितल्या आहेत. सगळ्यात वरची, काहीच न दाखवता मनात उठणारी धास्ती. ती जमली नाही तर मधली, प्रत्यक्ष काहीतरी अभद्र दिसल्याची दहशत. तेही जमलं नाही तर तळाची, किळस. वरून सुरुवात करावी आणि नाइलाज झाला तर खाली उतरावं. त्यात आपल्याला लाज नाही, असं किंग म्हणतो. आपला शिष्य जिना उलटा वापरतो. पहिल्या पानावर रक्ताचं थारोळं, दुसऱ्या पानावर आतडी, आणि तिसऱ्या पानासाठी शरीरात काही शिल्लकच नसतं.

केंब्रिजच्या किंग्ज कॉलेजचे प्रमुख एम. आर. जेम्स यांना रक्तामांसाचं वावडंच होतं. हे गृहस्थ जुन्या हस्तलिखितांचे गाढे पंडित. नाताळात मित्रमंडळी जमवून ते मेणबत्तीच्या उजेडात स्वतःची भुताची गोष्ट वाचून दाखवायचे. त्यांचा पहिला संग्रह १९०४चा. त्यांचा सल्ला थोडक्यात असा: आधी माणसं त्यांच्या रोजच्या कामधंद्यात, शांतपणे दाखवा, मग त्या सुरळीत चाललेल्या संसारात ती वाईट गोष्ट हळूच डोकं वर काढू द्या, आधी जेमतेम, मग जास्त. आणि हो, भूत दुष्टच हवं. भल्या भुतांसाठी परीकथा आहेत. तुमचा भुतांवर विश्वास आहे का, या प्रश्नावर त्यांचं लेखी उत्तर होतं की पुरावा तपासायला मी तयार आहे, आणि तो पटला तर मान्य करीन. सातबाऱ्यावर नाव चढवायला गेलेल्या माणसाला तलाठी देतो तेच हे उत्तर.

इंग्रजांनी ऐन सणात भुताची गोष्ट वाचावी याचं नवल आपण तरी करू नये. ‘नवल’, ‘धनंजय’ अशा दिवाळी अंकांतून मराठी घरांनी वर्षानुवर्षं लक्ष्मीपूजनाच्या फराळाबरोबर खून, पिशाच आणि करणी पचवली आहे. चकलीचा तुकडा मोडताना कुठे हाड मोडल्याचा आवाज आला, तर तो अंकातल्या लेखकाचा विजय.

आता बस. भयपटाच्या अभ्यासात बसला किती महत्त्व आहे, हे शिष्याला कुणी आधी सांगत नाही. १९४२ साली हॉलिवुडच्या आरकेओ कंपनीत व्हॅल ल्यूटन नावाच्या निर्मात्याला अटी घालून दिल्या होत्या: दीड लाख डॉलरच्या आत खर्च, पंचाहत्तर मिनिटांच्या आत सिनेमा, आणि शीर्षक कंपनी देणार. कंपनीने दिलं, ‘कॅट पीपल’. मांजर होणारी बाई दाखवायची तर वेषभूषेतच पैसे संपायचे. मग ल्यूटन, दिग्दर्शक जाक तुर्नर आणि लेखक डेविट बोडीन यांनी ती जवळजवळ दाखवलीच नाही. रात्री रस्त्याने एक तरुणी एकटी चालली आहे. मागून टाचांचा आवाज. मग तो आवाज थांबतो. ती वळून बघते, पावलं उचलते, जवळजवळ पळते. आता झडप पडणार एवढ्यात कानठळ्या बसवणारा फिस्सकन् आवाज, आणि पडद्यावर येऊन थांबते ती एक बस! प्रेक्षक खुर्चीतून उडाले. तेव्हापासून सिनेमावाल्यांच्या बोलीत अशा फसव्या दचक्याला ‘ल्यूटन बस’ असंच म्हणतात. आपल्याकडे रात्री साडेअकराच्या मुक्कामी एसटीची वाट बघत उभ्या असलेल्या माणसाला मात्र बस आल्याचं नव्हे, न आल्याचं भय असतं; त्यामुळे हे तंत्र महाराष्ट्रात वापरताना थोडा विचार करावा.

दुसरी बस हिचकॉकची, आणि ती त्याला महागात पडली. टेबलाखालच्या बॉम्बचा त्याचा धडा आता जगभरच्या पटकथावर्गांत पाठ करून घेतात. दोघं जण गप्पा मारताहेत आणि बॉम्ब फुटतो, तर प्रेक्षकाला पंधरा सेकंदांचा दचका. तोच बॉम्ब टेबलाखाली ठेवलेला प्रेक्षकाला आधी दाखवा, भिंतीवरचं घड्याळ दाखवा, मग त्या दोघांना त्याच फुटकळ गप्पा मारू द्या. पंधरा मिनिटं प्रेक्षक ओरडून सांगायच्या बेतात असतो, अरे उठा, उठा! फ्रेंच दिग्दर्शक फ्रान्स्वा त्रुफोला १९६२ साली हे समजावताना हिचकॉकने आपली चूकही सांगितली. ‘सॅबोटाज’ या १९३६च्या चित्रपटात त्याने एका अजाण पोराच्या हाती बॉम्ब देऊन त्याला बसमध्ये बसवलं, प्रेक्षकांना भरपूर झुलवलं, आणि मग बॉम्ब खरंच फोडला. प्रेक्षक भडकले. इतका वेळ जीव टांगणीला लावल्यावर सुटका करायलाच हवी, हा नियम तो तिथे शिकला.

हिचकॉकचं ‘सायको’ हे तर वाणसामानाच्या यादीवरून उभं राहिलेलं काम वाटतं. न्हाणीघरात वाहणारं रक्त म्हणजे चॉकलेटचं सिरप; सिनेमा कृष्णधवल असल्यामुळे ते खपून गेलं. सुरा खुपसल्याच्या आवाजासाठी वेगवेगळ्या जातींची खरबुजं, टरबुजं मांडली, हिचकॉक डोळे मिटून ऐकत बसला आणि त्यातून त्याने एक निवडलं, असा किस्सा सांगतात. पटकथाकार जोसेफ स्टेफानोचा हट्ट काय, तर संडासात फ्लश ओढताना दाखवायचाच! १९६० सालच्या अमेरिकी पडद्यावर तोवर तसं काही दिसलंच नव्हतं. खून होण्याच्या कितीतरी आधी प्रेक्षक तेवढ्यानेच अवघडून बसला. ‘जॉज’मधला यांत्रिक शार्क खाऱ्या पाण्यात सारखा बंद पडायचा, म्हणून स्पिलबर्गला तो लपवावा लागला आणि त्या लपवण्यानेच १९७५ साली लोक समुद्रात पाय घालीनासे झाले. त्या शार्कला ब्रूस म्हणत. ते स्पिलबर्गच्या वकिलाचं नाव.

पण शिकवणी कशी असावी याचं आदर्श उदाहरण हवं असेल तर लॅमिंग्टन रोडला यावं लागेल. फत्तेचंद रामसिंघानी यांचं कराचीत रेडिओचं दुकान होतं. गोऱ्या गिऱ्हाइकांना ‘रामसिंघानी’ म्हणता येईना, म्हणून ते ‘रॅमसे’ झाले. फाळणीनंतर कुटुंब मुंबईला आलं, दुकान लॅमिंग्टन रोडला थाटलं, आणि वडिलांना सिनेमाचं वेड लागलं. १९७० सालचा त्यांचा ‘एक नन्ही मुन्नी लडकी थी’ आपटला. पण त्यात पृथ्वीराज कपूर भेसूर मुखवटा चढवून चोरी करायला येतात, तो प्रसंग आला की थिएटर हादरतं, हे थिएटरात बसलेल्या तुलसी आणि श्याम या मुलांनी हेरलं. बाकी सिनेमाभर जांभया देणारे लोक तेवढ्यापुरते ताठ बसत होते. मग बाकीचा सिनेमा हवाच कशाला, असा सरळ हिशेब त्यांनी मांडला. दुकानदाराची मुलं ती. खपणारा माल कुठला ते त्यांना पाठ्यपुस्तकातून शिकावं लागलं नाही.

पाठ्यपुस्तकही मात्र होतं. वडिलांनी मुलांना काश्मीरला नेलं, श्रीनगरच्या हाऊसबोटीत बसवलं आणि जोसेफ मॅसेली यांचं ‘द फाइव्ह सीज ऑफ सिनेमॅटोग्राफी’ हे जाडजूड पुस्तक समोर ठेवलं. दल सरोवरावर लोक मधुचंद्राला जातात. रॅमसे बंधू कॅमेऱ्याचे कोन आणि दृश्यांची सलगता शिकायला गेले. शिक्षण संपलं तेव्हा खातेवाटपही झालं. कुमारकडे लेखन, गंगूकडे कॅमेरा, किरणकडे ध्वनी, अर्जुनकडे संकलन, तुलसी-श्यामकडे दिग्दर्शन आणि केशूकडे पडेल ते काम. सात भाऊ म्हणजे युनिट घरातच पुरं. १९७२चा ‘दो गज जमीन के नीचे’ त्यांनी महाबळेश्वरला एका सरकारी विश्रामगृहात मुक्काम टाकून काढला. घरच्या बायकाही बरोबर. रंगभूषेपासून स्वयंपाकापर्यंत सगळं घरचं. सरकारी विश्रामगृहात भयपट काढण्याचा मोठा फायदा असा, की नेपथ्यावर खर्च करावा लागत नाही.

रॅमसेंच्या सिनेमांना नाक मुरडणं सोपं आहे, आणि बऱ्याचदा न्याय्यही. हिरवा-तांबडा उजेड, धुराचे लोट, विनोदाच्या नावाखाली घातलेला उपद्रव, हे सगळं आहेच. पण १९८४चा ‘पुराना मंदिर’ पाहून ज्याची गाळण उडाली, त्याला तो सामरी आजही विसरता येत नाही. सामरी झालेले अनिरुद्ध अग्रवाल हे रूरकीहून स्थापत्य अभियांत्रिकी शिकलेले. पडक्या हवेलीत हिंडताना तिच्या तुळया किती वर्षं टिकतील हे नेमकं सांगू शकेल, असा जगाच्या भयपटांतला हा बहुधा एकमेव राक्षस.

मराठीतही मोठे मास्तर असेच साधेसुधे. नारायण धारप मुंबई विद्यापीठाचे रसायन तंत्रज्ञानाचे पदवीधर. त्यांची शंभरावर पुस्तकं आहेत. अघोरी शक्तींचा बंदोबस्त करणारे त्यांचे ‘समर्थ’ वाचनालयातल्या फाटक्या प्रतींतून दोन पिढ्यांना भेटले. धारपांच्या एका कादंबरीचं नाव ‘४४० चंदनवाडी’. मालमत्ता कराच्या बिलावर शोभेल असा हा पत्ता, त्यात मुंबईकराला चंदनवाडी म्हटल्यावर आधी स्मशान आठवतं. म्हणजे पहिलं पान उलटण्याआधीच निम्मं काम झालेलं. घुबड नाही, वाडा नाही, नुसता घरनंबर!

धारपांनी परदेशी गुरूंकडून उचललं, आणि भरपूर उचललं. ‘लुचाई’मागे किंगची ‘सालेम्स लॉट’ आहे, ‘शपथ’मागे ‘इट’. किंगची ‘ग्रॅमा’ ही कथा धारपांकडे येऊन ‘आजी’ झाली. नागझिऱ्याच्या जंगलात १९९३ साली एका मित्राने राही अनिल बर्वे या पोराला ती गोष्ट सांगितली, आणि ती त्याच्या मानेवर जी बसली ती ‘तुंबाड’ होऊनच उतरली. सिनेमा आला २०१८ साली. मेनमधली म्हातारी अशी मजल दरमजल करत कोकणातल्या पावसात पोचली आणि वाटेत पार बदलून गेली. ‘तुंबाड’मधलं भय मुळात लोभाचं आहे, आणि त्या लोभाचं हत्यार काय, तर कणकेची बाहुली. परातीत मळलेल्या कणकेकडे बघून घाबरायला लावणं ही किंगलाही न सुचलेली गोष्ट. म्हणून धारपांना उसनवारीबद्दल दटावणाऱ्यांचं ऐकावं, पण अर्ध्या कानाने.

रत्नाकर मतकरी वीसेक वर्षं बँक ऑफ इंडियात नोकरीला होते आणि १९७८मध्ये ती सोडून पूर्णवेळ लेखक झाले. ‘खेकडा’, ‘मध्यरात्रीचे पडघम’ यांसारख्या संग्रहांतल्या त्यांच्या गूढकथांत चाळ असते, ब्लॉक असतो, ऑफिसातून दमून आलेला माणूस असतो. भीती बाहेरून खिडकी फोडून येत नाही, आत आधीच भाड्याने राहत असते. जेम्ससाहेबांनी केंब्रिजमध्ये सांगितलेलं तंत्र हेच, फक्त इथे चहाबरोबर पार्ल्याचं बिस्किट. हेच मतकरी सकाळी बालनाट्य करायचे. ‘अलबत्या गलबत्या’ त्यांचंच, त्यातली चेटकीणही त्यांचीच.

आणि इथे शिष्याला सगळ्यात जास्त गोंधळात पाडणारी गोष्ट येते. या गुरूंच्या पूर्वायुष्यात डोकावलं तर भलतेच लोक निघतात. ‘गूजबंप्स’वाला आर. एल. स्टाइन आधी ‘जोव्हियल बॉब स्टाइन’ या नावाने विनोदाची पुस्तकं लिहायचा आणि पोरांसाठी ‘बनानाज’ नावाचं विनोदी मासिक चालवायचा. ‘द एक्झॉर्सिस्ट’ लिहून लोकांना थिएटरात चक्कर आणणारा विल्यम पीटर ब्लॅटी हा १९६४च्या ‘अ शॉट इन द डार्क’चा सहलेखक; म्हणजे इन्स्पेक्टर क्लूसोला धडपडायला लावणाऱ्यांपैकी एक. ‘गेट आउट’साठी मूळ पटकथेचं ऑस्कर घेणारा जॉर्डन पील हा टीव्हीवरचा नकलाकार. कारण काही फार खोल नाही. विनोद आणि भीती दोन्हींत तयारी करायची, थांबायचं, आणि नेमक्या क्षणी सोडून द्यायचं. क्षणभर आधी सोडलं तर फुसका, क्षणभर उशीर झाला तर शिळा, आणि समजावून सांगितलं तर दोन्ही ठार. तपकीर ओढताना मामा नेमकं हेच करत होता. लिहिताना त्याच्या हातात तपकीर नव्हती एवढंच.

१९९८च्या ‘रिंगू’ या जपानी सिनेमातली सादाको विहिरीतून बाहेर येऊन चालते, ते पाहून अंगावर काटा का येतो, हे प्रेक्षकाला कळत नाही. युक्ती अशी, की नटीला उलटं चालायला लावलं आणि ती फीत उलटी फिरवली. आपल्या हडळीचे उलटे पाय ज्या आजीने पहिल्यांदा सांगितले, तिला हे १९९८च्या किती आधी ठाऊक होतं! तेव्हा शिष्याने पोतडीतलं सगळंच सामान टाकून द्यावं असंही नाही. पाय ठेवावेत, घुबड परत करावं.

मतकरींच्या त्या चेटकिणीच्या भूमिकेत दिलीप प्रभावळकर होते. पुढे ते दूरदर्शनवर चिमणराव झाले आणि महाराष्ट्र हसला. १९९३ साली महेश कोठारेंच्या ‘झपाटलेला’त तात्या विंचू झाले; रामदास पाध्येंच्या हातातल्या बाहुल्याने घरोघरच्या पोरांना आपापल्या बाहुल्या रात्री कपाटात कोंडायला लावल्या. मग २००६ साली ‘लगे रहो मुन्नाभाई’त ते गांधीजी म्हणून आले. ते गांधीजी रात्री वाचनालयात पहिल्यांदा दिसतात, एकट्या मुन्नालाच दिसतात, दुसऱ्या कुणाला दिसत नाहीत आणि ऐकू येत नाहीत. मामाच्या दृष्टीने यात पाणंदीतल्या प्रकाराची सगळी लक्षणं आहेत. पण थिएटरात कुणी किंचाळलं नाही.